वलंदेजांचीं दप्तरें व नाशिक प्रांतांतील एक लढाई

नाशिकाहून दिंडोरीवरून वणीस जाणारा रस्ता सप्तशृंगीच्या यात्रेकरूंच्या पायांखालचा आहे. याच टापूंत इ. स. १६७० च्या ऑक्टोबरांत शिवाजी महाराजांनीं वाट अडविण्यास आलेल्या दाऊदखान कुरेशीच्या मोगल फौजेशीं झुंज दिली व सुरतेहून आणलेली लूट शत्रूच्या हातीं पडूं न देतां पार केली. या लढाईवर आजपर्यंत पुष्कळ लिहिलें गेलें आहे. तिचें वर्णन पुन्हा करण्याचा आमचा हेतु नाहीं. ही लढाई व जिच्यांतून ती उद्भवली ती सुरतेची लूट ज्या परकीय कागदांवरून आपण तपासतों, त्यांपैकीं वलंदेज म्हणजे डच लोकांचे कागद कसे निर्माण झाले, त्यांवर कितपत भरंवसा ठेवावा आणि ते वाचतांना कोणती खबरदारी घ्यावी, एवढाच विचार प्रस्तुत लेखांत करावयाचा आहे.

समुद्रापासून इतक्या दूर असलेल्या नाशिककरांस वलंदेजांशीं काय कर्तव्य, असें कोणी विचारील. त्यास उत्तर असें कीं, वलंदेजांचीं जहाजें गोदावरीच्या उगमाकडे आलीं नाहींत हें खरें; परंतु सुरत हें बंदर व बागलाण, चांदवड, त्र्यंबक हा मुलूख यांचा संबंध घाटवाटांनीं जोडलेला होता. सुरतेंत जें घडे त्याचे पडसाद साल्हेर-मुल्हेरच्या रानांत उमटत. सुरतेची बातमी रोजच्या रोज टिपून ठेवणारे लोक त्या शहरांत बसले होते, व त्यांत वलंदेजांचा क्रम वरचा होता.

वलंदेज पूर्वेकडे कसे आले हें थोडक्यांत सांगितलें पाहिजे. यान हायखेन व्हान लिन्सखोटेन नांवाचा एक तरुण डच गृहस्थ १५८३ सालीं गोव्यास आला व तेथील आर्चबिशपाच्या पदरीं चिटणीस म्हणून पांच वर्षें राहिला. पोर्तुगीजांनीं जे जलमार्ग शंभर वर्षें गुप्त राखले होते त्यांची माहिती त्यानें जमविली, व स्वदेशीं परतल्यावर १५९५-९६ सालीं ती छापून प्रसिद्ध केली. गोव्याच्या दप्तरांतून उचललेली ही माहिती गोव्याच्याच नाशास कारण झाली, असें म्हटल्यास फारशी अतिशयोक्ति होणार नाहीं. १५९५ सालीं हौटमन याचीं जहाजें निघालीं व जावा बेटापर्यंत पोहोंचलीं. त्यानंतर निरनिराळ्या शहरांच्या मंडळ्या एकमेकींशीं चढाओढ करूं लागल्या, तेव्हां ता. २० मार्च १६०२ रोजीं त्या सर्वांची मिळून एक कंपनी करण्यांत आली. भांडवल सुमारें ६४ लाख गिल्डर होतें; सहा शहरांच्या सहा कचेऱ्या होत्या; आणि सर्वांवर सतरा संचालकांचें मंडळ होतें. या कंपनीस तह करण्याचा, किल्ले बांधण्याचा व फौज ठेवण्याचा अधिकार होता. म्हणजे नांवानें ती पेढी असली तरी अंगानें ती राज्य होती. १६१९ सालीं यान पीटरसून कून यानें जावा बेटांत बटाव्हिया शहर वसविलें व तें पूर्वेकडील सर्व कारभाराचें ठाणें झालें.

आपल्या प्रांतांत या लोकांचा पहिला लक्षांत ठेवण्याजोगा प्रवास पीटर व्हान डेन ब्रूक याचा होय. १६१७ सालीं गुजरातच्या किनाऱ्यावर त्याचीं जहाजें फुटलीं. तेव्हां आपलीं माणसें बरोबर घेऊन तो खुष्कीच्या मार्गानें दक्षिण ओलांडून मच्छलीपट्टणास गेला. वाटेंत त्यानें निजामशाहीचा सूत्रधार मलिकंबर याची भेट घेतली, व त्याचें रूप, कडक बंदोबस्त आणि गुलामगिरींतून वर चढलेलें पूर्वायुष्य यांविषयीं लिहून ठेविलें. मलिकंबराला प्रत्यक्ष पाहिलेल्या परकीयांचे लेख थोडे आहेत. म्हणून हें टिपण मोलाचें आहे. येथेंच वलंदेज कागदांचा पहिला गुण दिसून येतो. तो असा कीं, लिहिणारा दरबारचा आश्रित नसतो. मलिकंबर जिंकला काय किंवा हरला काय, त्याला इनाम मिळावयाचें नसतें. माल पुढें सुरक्षित जाईल कीं नाहीं, एवढीच त्याची चिंता.

सुरतेस वलंदेजांची वखार कायमची झाल्यावर त्यांची दृष्टि गोव्याकडे वळली. गोवा सर करणें त्यांस साधलें नाहीं. परंतु १६३६ पासून पुढें कित्येक वर्षें हंगामोहंगाम त्यांच्या आरमारानें गोव्याच्या तोंडाशीं वेढा दिला. ता. ३० सप्टेंबर १६३९ रोजीं त्यांनीं मुरगांवच्या बंदरांत शिरून पोर्तुगीजांचीं तीन गलबतें जाळलीं. अशा वेढ्यास जवळपास धान्य, पाणी, लांकूड व बातमी मिळण्याचें ठिकाण हवें असतें. तें मिळविण्यासाठीं योहान व्हान ट्विस्ट हा १६३७ सालीं विजापूरच्या दरबारीं वकील म्हणून गेला, व आदिलशहाच्या परवानगीनें वेंगुर्ल्यास वखार उघडण्यांत आली. आज भग्नावस्थेंत असलेली तेथील दगडी इमारत या इतिहासाची साक्ष देते.

वेंगुर्ल्याची वखार व्यापाराच्या दृष्टीनें कधींच मोठी झाली नाहीं. मिरीं, कापड व किरकोळ जिन्नस यांवर तिचा खर्च निघणें कठीण. तिचें खरें काम टेहळणीचें व टपालाचें होतें. सुरत, वेंगुर्लें, मलबार आणि पूर्वकिनारा यांच्या दरम्यान जासुदांच्या हातीं पत्रें जात येत. समुद्र पावसाळ्यांत बंद असे, जासूद मात्र चालत राही. यामुळें ज्या मुलखांत शिवाजी महाराजांचें राज्य उभें राहत होतें, त्याच्या उंबरठ्यावर एक परकीय कारकून अनेक वर्षें कान देऊन बसला होता. हा योगायोग आपल्या इतिहासास उपकारक झाला आहे.

या मुक्कामाचा मोबदला वखारीस द्यावा लागला नाहीं असें नाहीं. १६६४ सालीं शिवाजी महाराजांनीं व १६७५ सालीं मोगलांनीं वेंगुर्लें गांव जाळलें, असें मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरांत नोंदलें आहे. दरम्यान १६६३ च्या जानेवारींत वलंदेजांनीं पोर्तुगीजांपासून कोचीन घेतलें होतें. त्यापूर्वीं मलाक्का १६४१ सालीं व कोलंबो १६५६ सालीं त्यांच्या हातीं आलें होतें. मलबारांत पाय रोवल्यावर व पोर्तुगीजांशीं तह झाल्यावर वेंगुर्ल्याची गरज ओसरली, व सतरावें शतक संपतां संपतां वखारीचें महत्त्व संपलें.

आतां कागदांकडे वळूं. प्रत्येक वखारीनें आपल्या वरिष्ठांस नियमानें पत्र लिहावें, पत्राच्या नकला ठेवाव्या, आलेल्या बातम्यांचा गोषवारा बटाव्हियाच्या किल्ल्यांतील रोजनिशींत उतरवावा, व वर्षाकाठीं सर्व हकीकतीचा मोठा मसुदा हॉलंडास पाठवावा, अशी या कंपनीची शिस्त होती. एकच बातमी त्यामुळें तीन-चार ठिकाणीं नोंदली जाई. एक प्रत समुद्रांत बुडाली तरी दुसरी उरे. बटाव्हियाची रोजनिशी १६२४ पासून १६८२ पर्यंतच्या सालांची छापली गेली आहे. मूळ कागद हेग येथील राष्ट्रीय दप्तरखान्यांत आहेत, व २००३ सालीं या कंपनीच्या दप्तरांस जागतिक स्मृतिठेव्याच्या यादींत स्थान मिळालें. महाराष्ट्रांत कोल्हापूरचे डॉ. बाळकृष्ण यांनीं आपल्या शिवचरित्रासाठीं हे कागद वापरून या साधनाचें मोल पटवून दिलें.

या साधनांची परीक्षा करावयाची तर सुरतेच्या दोन्ही लुटी समोर ठेवाव्या. १६६४ सालच्या पहिल्या लुटीच्या वेळीं सुरतेच्या वखारीवर डर्क व्हान आड्रिखेम हा मुख्य होता. हाच गृहस्थ १६६२ सालीं दिल्लीस औरंगजेबाच्या दरबारीं वकिलातीवर गेला होता. म्हणजे मोगल राज्याचा डामडौल त्यानें जवळून पाहिला होता. शहराचा सुभेदार किल्ल्यांत लपून बसला असतां इंग्रज व वलंदेज यांनीं आपापल्या वखारींचे दरवाजे बंद करून बंदोबस्त केला, व त्या दोन्ही वांचल्या. १६७० सालच्या दुसऱ्या लुटींत वलंदेजांची वखार एका बाजूस असल्यामुळें तिला उपद्रव झाला नाहीं. इंग्रजांनीं प्रतिकार केला. फ्रेंचांनीं नजराणा देऊन आपली सुटका करून घेतली.

वखारीच्या माडीवरून जें दिसलें त्याविषयीं या लोकांची साक्ष पहिल्या प्रतीची मानावी. कोणत्या दिवशीं फौज आली, कोणत्या भागांत आग लागली, सुभेदार कोठें होता, या गोष्टी त्यांनीं स्वतः पाहिल्या. किती माल गेला याविषयीं मात्र त्यांची साक्ष दुसऱ्या प्रतीची. कारण तो आंकडा बाजारांतून ऐकलेला असतो, व लुटलेला सावकार आपलें नुकसान कधीं फुगवून तर कधीं लपवून सांगतो. आणि दिंडोरीच्या लढाईसारख्या घाटावरच्या प्रसंगाविषयीं सुरतेचा व्यापारी जें लिहील तें सर्वस्वीं ऐकीव. तेथें त्याचा उपयोग लढाईचा तपशील ठरविण्याकडे न करतां, लढाईची बातमी शहरांत केव्हां व कोणत्या स्वरूपांत पोहोंचली हें पाहण्याकडे करावा. लढाईनंतर थोड्याच दिवसांत मोरोपंत पेशव्यांनीं त्र्यंबक घेतलें, व १६७१ च्या आरंभीं साल्हेरही मराठ्यांकडे आलें. सुरतेच्या वेशीवर पुन्हा पुन्हा पसरणाऱ्या भीतीचें कारण यांत आहे. ही भीति व्यापाऱ्यांच्या पत्रांत जशी उमटते तशी मोगल तवारिखांत उमटत नाहीं. कारण तवारीखकारास ती कबूल करावयाची नसते.

तिसरा एक प्रकार आहे व तो सर्वांत फसवा. वखारीचा मुख्य जेव्हां आपल्या तोट्याचें कारण वरिष्ठांस सांगतो, तेव्हां देशांतील धामधूम तो वाढवून लिहितो. माल कां पाठविला नाहीं याला शिवाजीसारखें उत्तम निमित्त दुसरें नव्हतें. अशा पत्रांतील दंग्याधोप्याचें वर्णन इतर पुराव्यावांचून घेऊं नये.

यापुढें जी गोष्ट सांगावयाची आहे ती संग्राहकांनीं विशेष लक्षपूर्वक वाचावी अशी आमची विनंती आहे; कारण तिच्याकडे दुर्लक्ष झाल्यानें चांगल्या चांगल्यांच्या शकावलींत घोटाळे होतात. सतराव्या शतकांत इंग्रज लोक जुनी, म्हणजे ज्यूलियन, कालगणना वापरीत. वलंदेजांची कंपनी नवी, म्हणजे ग्रेगोरियन, वापरीत असे. दोहोंत त्या शतकांत दहा दिवसांचें अंतर होतें. पुढें १७०० च्या फेब्रुवारीनंतर तें अकरा दिवसांचें झालें, व १७५२ सालीं इंग्रजांनीं नवी पद्धति स्वीकारल्यावर नाहींसें झालें. एकाच सुरत शहरांत, एकाच दिवशीं, एका वखारींत बुधवार ता. ६ जानेवारी १६६४ लिहिलें जाई, तर दुसरींत बुधवार ता. १६ जानेवारी. वार एकच, तारीख दोन. जो संशोधक वाराकडे पाहत नाहीं तो एका लुटीच्या दोन लुटी करतो, किंवा दोन साक्षीदारांत नसलेला विरोध उभा करतो.

या बाबतींत आपलें पंचांग हाच खरा पंच होय. राज्याभिषेकाचें उदाहरण घ्यावें. तिथि ज्येष्ठ शुद्ध त्रयोदशी, शके १५९६. रायगडावर हजर असलेल्या इंग्रज वकिलाच्या हिशेबानें तो दिवस ता. ६ जून १६७४. आतां नव्या पद्धतीच्या ता. ३ जूनच्या सुमारास अमावास्या पडते. त्रयोदशी येते ती ता. १६ जून रोजीं. अर्थात् ६ जून ही जुनी तारीख व १६ जून ही नवी, हें तिथीवरून आपोआप सिद्ध होतें. त्याच सालच्या ऑक्टोबरांत वेंगुर्ल्याहून अब्राहाम लेफेबर यानें राज्याभिषेकाची बातमी आपल्या वरिष्ठांस कळविली आहे. त्या पत्रावरची तारीख नवी समजावयाची व इंग्रज वकिलाच्या नोंदींतील तारीख जुनी समजावयाची, ही खूणगांठ बांधल्यावांचून दोन्ही एका शकावलींत घालतां येत नाहींत.

दिंडोरीच्या लढाईस हाच न्याय लावावा. रूढ तारीख १७ ऑक्टोबर १६७० ही आहे. सुरतेची दुसरी लूट ता. ३ ते ५ ऑक्टोबर. या तारखा जुन्या पद्धतीच्या आहेत. नव्या पद्धतीनें लढाईचा दिवस २७ ऑक्टोबर होतो. गणितानें पाहतां नव्या १३-१४ ऑक्टोबरच्या सुमारास अमावास्या व २८ च्या सुमारास पौर्णिमा येते. म्हणजे लढाई कार्तिक शुद्ध पक्षाच्या अखेरीस पडते. उलट १७ ऑक्टोबर हीच तारीख नव्या पद्धतीची धरली तर ती त्याच पक्षाच्या आरंभीं जाते. तेव्हां एखाद्या जुन्या टिपणांत, शकावलींत किंवा देवस्थानच्या हिशेबाच्या वहींत या प्रसंगाजवळची तिथि सांपडली, तर ती एकटी तिथि दहा इंग्रजी पुस्तकांहून अधिक बोलेल.

तारखेप्रमाणेंच मापांची व नांवांची खबरदारी घ्यावी. वलंदेजांचा मैल एका अंशास पंधरा या हिशेबाचा, म्हणजे सुमारें साडेसात किलोमीटरांचा, आपल्या दोन कोसांहून अधिक. इंग्रजी मैल समजून तो वाचल्यास सर्व मुक्काम चुकतात. वेंगुर्ल्यास ते 'विंगुर्ला' म्हणतात. मुसलमानांस 'मूर' म्हणतात. उलट आपल्या कागदांत या लोकांस 'वलंदेज' म्हटलेलें असतें. तें पोर्तुगीज भाषेंतील नांवाचें मराठी रूप आहे. मोडींत हा शब्द घाईनें लिहिलेला असला कीं वाचणारा त्यास एखाद्या माणसाचें आडनांव समजून पुढें जातो.

येथवर वलंदेजांच्या कागदांनीं आपल्या इतिहासावर किती प्रकाश पडतो हें पाहिलें. परंतु एक कागद असा आहे कीं तो त्यांच्यावरच प्रकाश टाकतो, आणि तोही शिवाजी महाराजांच्या आज्ञेनें. १६७७ सालीं कर्नाटकच्या स्वारींत महाराजांनीं विजापूरचा सरदार शेरखान लोदी याचा मुलूख घेतला. देवनांपट्टण येथें वलंदेजांची वखार होती. त्यांनीं हर्बर्ट दे यागर यास महाराजांकडे वकील म्हणून पाठविलें. हा गृहस्थ पौर्वात्य भाषांचा जाणकार होता. महाराजांनीं व्यापारासंबंधीं कौल दिला. पण त्यांत एक कलम घातलें. मुसलमानी अमलांत येथें बायकापुरुष गुलाम म्हणून विकत घेण्याची व परदेशीं नेण्याची मोकळीक तुम्हांस होती. आमच्या अमलांत ती मिळणार नाहीं, व तसें करूं लागल्यास आमचे लोक अडवितील, असा त्या कलमाचा आशय आहे.

या कलमाचें वजन कळण्यास वलंदेजांचा त्या काळचा व्यवहार ध्यानांत घ्यावा. पूर्वकिनाऱ्यावर दुष्काळ पडला कीं उपाशी माणसें स्वस्तांत विकत मिळत, व तीं सिंहलद्वीप आणि बटाव्हिया इकडे जहाजें भरून नेण्यांत येत. त्यांच्या वहींत तो एक जिन्नस होता. आपल्या प्रजेस जिन्नस म्हणून लिहूं देणार नाहीं, असें सांगणारा राजा त्यांस येथें भेटला. आणि लक्षांत घ्यावें कीं, ही आज्ञा आज आपणांस ठाऊक आहे ती तिच्या डच भाषांतरावरून. ज्यांच्याविरुद्ध ती होती त्यांनीं ती आपल्या शिस्तीप्रमाणें नकलून ठेविली. ज्यांची ती भूषण त्यांच्या घरीं ती राहिली नाहीं.

वलंदेजांच्या दप्तराचा आणखी एक धागा कोंकणी भाषेशीं जुळतो. कोचीनचा अधिकारी हेंड्रिक व्हान ऱ्हेडे यानें मलबारच्या वनस्पतींवर 'होर्तुस मलबारिकुस' हा बारा भागांचा ग्रंथ करविला. तो १६७८ पासून १६९३ पर्यंत आम्स्टरडॅम येथें छापला गेला. त्या कामांत रंगभट, विनायक पंडित व अप्पूभट या तीन कोंकणी ब्राह्मण वैद्यांनीं साहाय्य केलें, व तसें त्यांचें प्रतिज्ञापत्र नागरी लिपींत पहिल्या भागांत छापलेलें आहे. युरोपांत छापलेल्या नागरी अक्षरांच्या जुन्या नमुन्यांत याची गणना होते. हा ऱ्हेडे पुढें १६९१ सालीं वारला व सुरतेस त्याचें दफन झालें. त्याची भव्य कबर तेथें आहे. एकाच कंपनीच्या कागदांत माणसांची खरेदीही आहे व वनौषधींची ही आस्थेवाईक नोंदही आहे. इतिहासकारानें दोन्ही सांगावीं.

वलंदेजांस आपले लोक ओळखून नव्हते असें मात्र समजूं नये. १६७३ सालीं त्यांचें आरमार मुंबईवर आलें, पण इंग्रजांची तयारी पाहून न लढतां परतलें. १७२४ सालीं त्यांनीं विजयदुर्गावर केलेला हल्ला आंग्र्यांनीं परतविला. रामचंद्रपंत अमात्यांनीं आज्ञापत्रांत टोपीकरांविषयीं जी राजनीति सांगितली आहे तींत वलंदेजांचें नांव स्पष्ट आहे. इतर सावकारांसारखे हे सावकार नव्हत. यांच्या मागें यांचे राजे आहेत. यांस समुद्रतीरीं किंवा खाडीलगत जागा देऊं नये, दिलीच तर मोठ्या शहराच्या आहारीं द्यावी व पक्की इमारत बांधूं देऊं नये, असें त्यांचें तात्पर्य. वेंगुर्ल्याची दगडी वखार व कोचीनचा किल्ला यांचा अनुभव ज्यांच्या पिढीनें घेतला, त्यांचें हें शहाणपण होतें.

शेवटीं आमच्या वाचकांस एक सांगणें आहे. वलंदेजांनीं नफ्यासाठीं कां होईना, कागदाची एक एक चिठी जपली. म्हणून आज वेंगुर्ल्याची खबर हेगमध्यें सांपडते. आमच्या नाशिक प्रांतांत तीर्थोपाध्यायांच्या वह्या आहेत, देशमुख-देशपांड्यांचीं दप्तरें आहेत, देवस्थानांचे हिशेब आहेत. वाडा पडतो, वाटणी होते, माडीवरचीं रुमालें वजनावर जातात. ज्यांच्याकडे अशीं रुमालें असतील त्यांनीं तीं विकण्यापूर्वीं एकदां उघडावीं, व ज्या पानावर तिथि व वार दोन्ही असतील तें पान प्रथम नकलून ठेवावें. शके १५९२ च्या कार्तिकांतील एखादी क्षुद्र जमाखर्चाची ओळ, चांदवडच्या फौजेस दिलेल्या दाण्याची किंवा वणीच्या यात्रेंत आलेल्या व्यत्ययाची, हेगच्या दप्तराशेजारीं ठेवली म्हणजे दोघांची साक्ष पुरी होते. परकीयांची साक्ष हेगमध्यें सुरक्षित आहे. आपली साक्ष आपल्याच माडीवर आहे, आणि ती तेथें किती दिवस राहील हें आपल्याच हातीं आहे.